गाबाच्या कॅप्सूल: परीक्षेच्या टेन्शनवर घेणार असाल तर आधी वाचा

५ पैकी २ स्टार. भाच्याची यंदा गोवा बोर्डाची बारावी, त्याने ही डबी ऑनलाइन मागवली, ६० कॅप्सूल, किंमत बाराशेच्या आसपास. पार्सल डिचोलीला वेळेत आलं, सील पक्कं, एक्सपायरी लांबची, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती डबीवरच्या दाव्याबद्दल, की टेन्शनमध्ये मेंदूतलं गाबा, म्हणजे तिथल्या पेशींना शांत करणारं रसायन, कमी होतं आणि ही कॅप्सूल ते थेट भरून काढते.

कमी होतं हे खरंय. २०१० च्या एका अभ्यासात निरोगी लोकांना शॉक बसेल अशी धास्ती घालून स्कॅनरमध्ये मोजलं तर कपाळामागच्या भागातलं गाबा सुमारे १८ टक्के कमी भरलं. पण भरून काढणार कसं? मी एक कॅप्सूल उघडून पेल्यात टाकली, पावडर ढवळायच्या आधीच विरघळायला लागली, आणि अडचण नेमकी हीच आहे, पाण्यात इतकं सहज विरघळणारं गाबा रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरत नाही, किती शिरतं यावर शास्त्रज्ञांचा अजून वाद चालूय.

बरं, शिरलं समजा. गाबा पेशीत क्लोराइड आत सोडून तिला गप्प करतं, त्यासाठी आत आधी क्लोराइड कमी असावं लागतं आणि ते बाहेर काढायला केसीसी२ नावाचा पंप असतो. २००९ मध्ये कॅल्गरीच्या संशोधकांनी उंदरांना अर्धा तास जखडून ठेवलं आणि मग मेंदू तपासला, तर हायपोथॅलॅमसमधल्या ज्या पेशी स्ट्रेस हार्मोन सुरू करतात त्यांच्यात हा पंपच ढिला पडला होता, क्लोराइड आत साठलेलं, गाबा मिळूनही पेशी गप्प होईनात, काही तर उलट चेकाळल्या. फक्त अर्ध्या तासात! तिथे वरून आणखी गाबा ओतून काय होणार सांगा.

भाचा म्हणतो झोप बरी लागते. लागत असेल, पण त्याच आठवड्यात त्याने रात्री एक-एक वाजेपर्यंत जागणंही बंद केलंय, मग श्रेय कुणाला द्यायचं?

म्हापशाच्या एका फार्मसीत दाखवली तर तिथल्या बाईंनी पहिलं विचारलं, बीपीची किंवा झोपेची गोळी चालू आहे काय. डबीवर याबद्दल एक अक्षर नाही, आणि यासाठीच मी तिसरा स्टार कापलाय. घरात कुणाची अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही त्यांना देऊ नका.