विंचवाचं बिऱ्हाड आणि क्वार्टरबॅकच्या सह्या: एका हंगामानंतरचा अनुभव

अमेरिकन फुटबॉलमधल्या बड्या खेळाडूंची सही केलेली कार्डं (समोर फोटो, मागे कारकिर्दीचे आकडे, संग्रहासाठी छापलेली) आता सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. नामांकित क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचं 2000 सालचं असं एक कार्ड 2021 मध्ये 31 लाख डॉलरला विकलं गेलं. मी वेगळी वाट धरली. जुलैच्या सराव शिबिरापासून जानेवारीपर्यंत मी फक्त अशा क्वार्टरबॅकांच्या (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूंच्या) सह्या जमवल्या, ज्यांचं बिऱ्हाड कायम पाठीवर असतं. आज या संघात, पुढच्या वर्षी तिसऱ्याच गावात. त्यातही अट एक: त्याने कधी ना कधी न्यूयॉर्क जेट्सचा हिरवा गणवेश घातलेला असावा. मी न्यू जर्सीत राहतो, जेट्स हा माझा संघ, आणि या जातीचे खेळाडू आमच्याकडे पुष्कळ होऊन गेले.

सुरुवात रायन फिट्झपॅट्रिकपासून केली. आरोन फिंच आयपीएलमध्ये नऊ संघांकडून खेळला, तसा हा एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये नऊ संघांकडून खेळला. हार्वर्डमध्ये शिकलेला, 2005 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, 250 वा निवडला गेलेला. इतक्या खालून आलेला पोरगा 17 हंगाम टिकला. 2015 मध्ये त्याने जेट्ससाठी 31 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) टाकले, संघाच्या इतिहासात एका हंगामातले सर्वाधिक. शेवटच्या सामन्यात बफेलोत, म्हणजे त्याच्या जुन्याच संघाच्या गावी, चौथ्या म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याची तीन इंटरसेप्शन झाली (फेक प्रतिस्पर्ध्याने झेलली) आणि प्लेऑफ हुकलं. पुढे निवृत्तीपर्यंत त्याला प्लेऑफचा एकही सामना मिळाला नाही. त्याचं सही केलेलं कार्ड एका साध्या जेवणाच्या पैशांत येतं. मला ते ब्रेडीच्या कार्डापेक्षा प्यारं आहे, कारण त्यातला प्रत्येक आकडा मी जीव मुठीत धरून पाहिलेला आहे.

या छंदातली माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे कार्डाची मागची बाजू. तिथे हंगामागणिक एक ओळ असते. ताऱ्यांच्या कार्डामागे एकाच संघाचं नाव खालपर्यंत उतरत जातं. आमच्या माणसांच्या कार्डामागे प्रत्येक ओळीला शहर बदलतं. जॉश मॅकाऊनचं घ्या. ॲरिझोना, डेट्रॉइट, ओकलंड, मायामी, कॅरोलिना, शिकागो, टँपा, क्लीव्हलंड आणि मग जेट्स. 2017 मध्ये डेन्व्हरला हात मोडेपर्यंत त्याने आमचा दुबळा संघ ताठ उभा ठेवला होता. पुढे फिलाडेल्फियाने निवृत्तीतून परत बोलावलं, तेव्हा तो आठवड्याला घरी जाऊन मुलांच्या शाळेच्या संघाला शिकवतही होता. जानेवारी 2020 मध्ये, वयाच्या 40 व्या वर्षी, तो पहिल्यांदा प्लेऑफच्या सामन्यात उतरला आणि मांडीचा स्नायू फाटलेला असतानाही शेवटपर्यंत खेळला. हे सगळं माहीत असलं की सही नुसती शाई राहत नाही.

आता व्यवहाराचं बोलू. स्वस्ताईपेक्षा मोठा फायदा आहे तो खरेपणाचा. खोट्या सह्यांचा धंदा किती मोठा असू शकतो हे एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये, म्हणजे खोट्या सह्या विकणाऱ्या टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेत दिसलं. त्या टोळ्यांच्या मालात मदर तेरेसांची सही केलेले बेसबॉलसुद्धा सापडले होते. पण दहा डॉलरच्या राखीव क्वार्टरबॅकची सही खोटी करून कोणाचं पोट भरणार? तरीही मी शक्यतो कार्ड छापणाऱ्या कंपनीनेच सही घेऊन विक्रीच्या पाकिटात घातलेली, मागे तसं छापलेली कार्डं घेतो. त्यातही दोन जाती आहेत. एकात खेळाडू थेट कार्डावर सही करतो. दुसऱ्यात त्याच्याकडून पारदर्शक स्टिकरच्या शीटवर सह्या घेतात आणि कंपनी सवडीने ते चिकटवते. फिरत्या खेळाडूच्या बाबतीत त्यामुळे सही एका संघात असताना केलेली आणि कार्ड दुसऱ्याच संघाचं, असंही होऊ शकतं. मी थेट सहीला दोन पैसे जास्त मोजतो आणि तुम्हालाही तेच सांगेन.

टपालाने सही मागवण्यात खरी मजा आहे आणि खरी चिकाटीही लागते. कार्ड, हाताने लिहिलेली छोटी चिठ्ठी, आणि आपला पत्ता व तिकीट असलेलं परतीचं पाकीट, एवढं संघाच्या सराव केंद्रावर पाठवायचं. शिबिरात 90 खेळाडू असतात, ऑगस्टअखेर त्यांतले 53 उरतात. आपला माणूस नेमका कापल्या जाणाऱ्यांत असतो, आणि पाकीट पोचेपर्यंत त्याचा लॉकर रिकामा झालेला असतो. म्हणून पत्र शिबिर सुरू होताच टाका. ऑगस्टच्या शेवटी मुळीच नको.

प्रत्यक्ष सही मिळाली तर त्याला तोड नाही. फ्लोरहॅम पार्कच्या, म्हणजे जेट्सच्या सराव केंद्रावरच्या शिबिरात कुंपणापाशी मी एका तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकसमोर त्याचं जुन्या संघातलं कार्ड धरलं. त्याने ते उलटं केलं, मागच्या ओळी नीट वाचल्या, “हे कुठे मिळालं?” असं विचारलं, आणि सहीखाली तेव्हाचा जर्सी नंबर घातला. सही अशी, की नावातलं अक्षर न् अक्षर वाचता येतं. ताऱ्यांच्या घाईच्या रेघोट्यांत हे सुख नाही.

शाईबद्दल: निळी शार्पी (न पुसणारं मार्कर पेन) सर्वांत उठून दिसते, गडद गणवेशावर मात्र चंदेरी पेन हवं. चकचकीत कार्डावर शाई गोळा होते, म्हणून सहीच्या जागी आधी खोडरबर हलकेच फिरवायचा. मग स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी), त्यावर टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर). बाइंडरची पानं पीव्हीसीची नकोत, आणि कार्ड उन्हात मांडून ठेवू नका, सही फिकी पडते. एका ऑनलाइन विक्रेत्याने टॉपलोडरशिवाय, नुसत्या पातळ पाकिटात कार्ड पाठवलं आणि कोपरा दुमडून आला. तेव्हापासून पैसे देण्याआधी पॅकिंग कसं करणार ते विचारून घेतो.

पैसे गुंतवायला म्हणून कोणी यात येऊ नये. विकायला गेलात तर टपालखर्चही निघेलच असं नाही.

उणीव एकच, आणि ती मला फार लागते: राखीव खेळाडूंची नवी कार्डं कंपन्या फारशी छापत नाहीत. जॉश जॉन्सन एनएफएलच्या 14 संघांत राहिला, इतके संघ दुसऱ्या कोणीच पाहिलेले नाहीत. 4 नोव्हेंबर 2021 च्या रात्री इंडियानापोलिसमध्ये आमचा क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर तो उतरला आणि 317 यार्ड, तीन टचडाउन टाकून गेला. सामना हरलो, पण ती रात्र विसरलो नाही. त्याची कार्डं मिळतात ती 2008 ची, टँपाच्या गणवेशातली. हिरव्यातलं मला अजून सापडलेलं नाही. तोवर टँपाचंच एक स्लीव्हमध्ये घालून तयार ठेवलं आहे, आणि चिठ्ठीत त्या रात्रीबद्दल लिहिणार आहे.