सुपरचार्जरच्या जुन्या इंजिनाला हेडर: 1⅝ इंची की 1¾ इंची?

साताऱ्याच्या रस्त्यांवर रोज चालवायच्या, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) बसवलेल्या जुन्या 350 घनइंची शेव्हर्ले व्ही-8 इंजिनाला हेडरचे (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या संचाचे) पाइप 1⅝ इंची घ्यावेत की 1¾ इंची, हा प्रश्न केवळ आवाजाचा नाही. साध्या इंजिनात बारीक पाइप धुराचा वेग टिकवून कमी आरपीएमला (इंजिन हळू फिरत असताना) ओढ देतो. इथे मात्र यवतेश्वराच्या घाटात लागणारी ती ओढ सुपरचार्जरच पुरवतो, आणि सिलिंडरमध्ये कोंबलेल्या जादा हवेचा जळालेला वायू बाहेर पडायला वाट मोठी लागते. 1¾ इंची पाइपचे क्षेत्रफळ सुमारे 16 टक्के जास्त असल्याने मी तोच निवडेन. बारीक पाइपची खरी बाजू जागेची आहे: जाड पाइप स्टीअरिंगच्या दांड्याला घासत असेल किंवा स्पार्क प्लगच्या वायरी भाजत असतील, तर 1⅝ इंचीच बरा.