मेळघाटातील क्वाड सफारीच्या नावाखाली झालेली आमची फसवणूक

मी अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चिखलदऱ्याच्या परिसरात डर्ट बाइक आणि क्वाड (कच्च्या वाटेवर चालणारी चार चाकांची उघडी गाडी) चालवण्याची दोन दिवसांची सहल ठरवताना माझ्या हातून २९,१०० रुपये गेले, आणि ते पैसे माझ्या एकट्याचे नव्हते, सहा जणांचे होते. गेल्या आठवड्यात त्याच जाहिरातीतील छायाचित्र नव्या नावाने आणि नव्या मोबाइल क्रमांकासह आमच्या तालुक्यातील एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरताना दिसले, म्हणून घडलेला सर्व प्रकार क्रमाने लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखाली खारे पाणी असलेला आहे. नजर जाईल तिथवर सपाट काळी जमीन, आणि पावसाळ्यात पांदणीतून मोटारसायकल काढणे ही येथील रोजचीच कसरत. माझ्या पुतण्याला पुण्यात नोकरी लागली होती आणि दिवाळीला घरी येताना तो दोन मित्रांना सोबत आणणार होता. डोंगरातल्या कच्च्या वाटेवर गाडी चालवण्याची त्यांची फार इच्छा होती. “काका, तुम्ही जवळ राहता, तुम्हीच ठरवा,” असे त्याने सांगितले आणि फोनवर आलेली एक जाहिरात मला पाठवली. मी, माझा मेहुणा, माझ्याच शाळेतील एक सहकारी आणि ही तीन मुले असे आम्ही सहा जण झालो. दर माणशी ४,५०० रुपये होता. त्यात दोन दिवस गाड्या, सोबत वाटाड्या, हेल्मेट, गुडघ्याचे व कोपराचे गार्ड, एक रात्र तंबूतील मुक्काम आणि जेवण येणार होते. मार्गाचे वर्णन “मेळघाटच्या घनदाट जंगलातून ३५ किलोमीटर” असे केलेले होते.

जाहिरातीतला माणूस फोनवर अतिशय शांतपणे आणि अदबीने बोलत असे. त्याने प्रत्येकाचे वजन, उंची आणि डोक्याचे माप विचारले, कोणाकडे वाहन परवाना आहे आणि कोणी यापूर्वी गिअरची गाडी चालवलेली नाही हेही विचारून घेतले. माझा विश्वास बसला तो या प्रश्नांमुळेच. ज्याला खरोखर माणसांना डोंगरात न्यायचे असते तो हेच विचारतो, असे मला वाटले, आणि ते खरेही आहे. मात्र तो विचारत होता आणि मी उत्तरे देत होतो. गाड्या कोणाच्या जमिनीवरून जाणार, सुरुवात कोणत्या गावातून होणार आणि शेवट कोठे, हे मी विचारले तेव्हा प्रत्येक वेळी “सर, तुम्ही निर्धास्त या, सगळं आपल्या हातात आहे” एवढेच उत्तर मिळाले, आणि मी त्यावर अडून बसलो नाही.

पैसे तीन टप्प्यांत गेले. निम्मी आगाऊ रक्कम म्हणून १३,५०० रुपये मी दिवाळीच्या तीन आठवडे आधी पाठवले. आठवड्याने वनविभागाच्या परवानगीची फी म्हणून माणशी ६०० प्रमाणे ३,६०० रुपये मागण्यात आले, आणि ते भरल्यावर मला एक परवाना पाठवण्यात आला, ज्याविषयी पुढे सविस्तर लिहितो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सुरक्षा ठेव म्हणून माणशी २,००० रुपये, म्हणजे १२,००० रुपये, भरण्यास सांगितले. गाडीला ओरखडा आला नाही तर ते जागेवरच परत मिळणार होते. तोपर्यंत सामान बांधून झाले होते, पुण्याची मुले घरी येऊन पोचली होती, आणि त्या घडीला सहल रद्द करण्याचे धाडस माझ्याने झाले नाही. पैसे पाठवताना मोबाइलच्या पडद्यावर घेणाऱ्याचे बँकेतले नाव दिसते. पहिल्या वेळी ते एका बाईचे नाव होते, दुसऱ्या वेळी एका ट्रेडर्सचे आणि तिसऱ्या वेळी भलत्याच पुरुषाचे. कंपनीच्या खात्याची दिवसाची मर्यादा संपली असल्याचे कारण मला सांगण्यात आले आणि मी ते मान्य केले.

आम्ही पहाटे पाचला निघालो, अंजनगाव सुर्जी मागे टाकून परतवाड्याला पोचलो आणि तेथून धामणगाव गढीच्या रस्त्याला लागलो. ठरलेल्या धाब्यावर एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा आणि त्याचा जोडीदार दोन मोटारसायकली घेऊन उभे होते. जाहिरातीत उंच सस्पेन्शनच्या डर्ट बाइक दाखवल्या होत्या. समोर होत्या त्या शंभर सीसीच्या जुन्या मोटारसायकली, ज्यांचे मडगार्ड काढून टाकून मागे बटणाचे टायर बसवलेले होते. एका गाडीचा पुढच्या ब्रेकचा दांडा तारेने बांधलेला होता. हेल्मेट दोनच होती, त्यांच्यावर आयएसआयची खूण नव्हती, आणि एकाच्या पट्ट्याचे कुलूप तुटले असल्यामुळे पट्ट्याला गाठ मारलेली होती. क्वाड वर डोंगरात ठेवलेल्या आहेत, तुम्ही कच्च्या रस्त्याने या, असे फोनवरून सांगण्यात आले. मी त्याच वेळी परत फिरायला हवे होते. मुले उत्साहात होती. पुतण्याने एक गाडी घेतली आणि बाकीचे आम्ही आमच्या चारचाकीतून मागे निघालो.

साधारण चार किलोमीटरवर मुरुमाचा एक उतार लागला. वळणावर पुतण्याने ब्रेक दाबला, पण दांडा हँडलला जाऊन टेकला तरी पुढचे चाक थांबले नाही, आणि सुटी गिट्टी चाकाखालून सरकून गाडी आडवी झाली. त्याचा गुडघा आणि तळहात सोलून निघाला. हाड मोडले नाही ही नशिबाची गोष्ट, कारण गाठ मारलेले ते हेल्मेट पडताक्षणीच डोक्यावरून निघून रस्त्याच्या कडेला जाऊन पडले होते. घरी वहिनींना फोन करून हे सांगताना मला जे वाटले, ते पैसे गेल्यापेक्षा कितीतरी वाईट होते.

पुढे वनविभागाचा नाका लागला. तेथील वनरक्षकांनी आधी आमच्याकडील प्रथमोपचाराच्या डब्यातून पुतण्याची जखम धुऊन पट्टी बांधली आणि मग आम्ही कोठे निघालो ते विचारले. मी मोबाइलवरचा परवाना दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून वाचला आणि शांतपणे म्हणाले, “सर, यावर बीटचं, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीचं, नाव नाही, गाडीचा नंबर नाही, माणसांची नावं नाहीत. आत पायी जायचं म्हटलं तरी परवानगी लागते. गाडी घेऊन रस्ता सोडून जायची परवानगी आम्ही कोणालेच देत नाही.”

तेव्हा मी तो कागद प्रथमच नीट पाहिला. शासकीय पत्रे हाताळण्यात माझी नोकरीची १८ वर्षे गेली आहेत. त्या पत्राला जावक क्रमांक नव्हता. ‘वनपरिक्षेत्र’ हा शब्द ‘वनपरीक्षेत्र’ असा दीर्घ लिहिला होता. शिक्का स्वाक्षरीच्या बरोबर मधोमध आणि जराही तिरका न होता बसलेला होता, जसा तो हाताने मारताना कधीच बसत नाही. शिवाय वनविभागाची म्हणून सांगितलेली फी एका ट्रेडर्सच्या खात्यात गेली होती. सोबत आलेल्या पावतीवरचा जीएसटी क्रमांक मोजला तर तो १४ अक्षरांचा भरला. खरा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणी असेल तर त्याची सुरुवात २७ ने होते.

मेळघाट हा १९७३-७४ साली देशात सर्वप्रथम घोषित झालेल्या ९ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, हे मी दरवर्षी मुलांना वर्गात सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही, आणि पर्यटकांना ठरलेल्या प्रवेशद्वारातून, ठरलेल्या रस्त्यांवर, नोंदणी असलेल्या सफारी गाडीतून आणि सोबत गाइड घेऊनच जाता येते. म्हणजे “घनदाट जंगलातून ३५ किलोमीटर” हे आश्वासन कोणीही कायद्याने पाळू शकला नसता, आणि जाहिरातीचे पहिले वाक्य वाचूनच मला ते कळायला हवे होते. पुण्याच्या मुलांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला होते. परतवाडा, चिखलदरा किंवा सेमाडोह यांपैकी कोठल्याही वनकार्यालयात एक फोन केला असता तर माझी शंका पाच मिनिटांत फिटली असती.

मी नाक्यावरून त्या माणसाला फोन लावला. पहिला फोन त्याने कापला आणि त्यानंतर क्रमांक बंद झाला, तो कायमचा. गाड्या आणणारा मुलगा घाबरून गेला होता. तो म्हणाला, “सर, मले त फोनवर एवढंच सांगतलं का दोन गाड्या घेऊन ये अन् पार्टीले नाक्यापर्यंत ने. दोन हजार देतो म्हणे. मलेही अजून एक रुपया भेटला नाई जी.” त्याने आपल्या फोनवरचे संदेश उघडून दाखवले. त्याला सांगितलेले नाव वेगळे होते आणि आम्हाला सांगितलेले वेगळे. त्याच्या पेट्रोलचे पैसे आम्ही देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. त्याचा मोबाइल क्रमांक मात्र आम्ही लिहून घेतला.

जाहिरातीतील ज्या छायाचित्राने आम्हाला भुरळ घातली होती, ते परतीच्या वाटेवर माझ्या सहकाऱ्याने पुन्हा उघडून पाहिले. त्यात एक लाल क्वाड चढावर उभी होती आणि तिच्या मागे सुरूच्या झाडांची रांग होती. सुरूचे असे बन कोकणात समुद्राच्या वाळूवर असते. मेळघाटचे जंगल सागाचे आहे, आणि आम्ही सहाही जण ते लहानपणापासून किंवा निदान एकदा तरी पाहिलेले होते.

त्यानंतर जे केले त्यातही आमची एक चूक झाली, आणि ती इतरांनी करू नये. सायबर गुन्ह्याची तक्रार १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर नोंदवायची असते, कारण पैसे पुढच्या खात्यात वळवले जाण्यापूर्वीच बँकेला ते रोखता येतात. आम्ही आधी जखमी मुलाला घेऊन दवाखान्यात गेलो, ते योग्यच होते. पण त्यानंतर तो माणूस कदाचित फोन उचलेल या आशेवर आम्ही पूर्ण दीड दिवस वाया घालवला. तक्रार नोंदवली तेव्हा शेवटच्या १२,००० रुपयांपैकी ७,४०० रुपये त्या खात्यात शिल्लक होते आणि तेवढेच गोठवले गेले. ते अजून आमच्या हाती आलेले नाहीत. पोलीस ठाण्यात सुरुवातीला हा तुमचा आपसातला व्यवहार आहे असे सांगण्यात आले. खोटा शासकीय परवाना छापील स्वरूपात आणि तिन्ही व्यवहारांचे क्रमांक तारखेनिशी पुढे ठेवल्यावर तक्रार घेण्यात आली. म्हणून संदेश, पावत्या, छायाचित्रे यांपैकी काहीही रागाच्या भरात पुसून टाकू नये. ज्या फसवणाऱ्याचे नाव व पत्ता माहीत आहे, त्याच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत २ वर्षांची असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. आमच्याकडे त्या माणसाचा पत्ताच नसल्यामुळे तो मार्ग आम्हाला अजून खुला झालेला नाही.

अशी सहल आमच्या भागात होऊच शकत नाही, असे मी म्हणणार नाही. स्वतःच्या पडीक जमिनीवर किंवा मालकाशी लेखी करार केलेल्या माळावर वाट आखून गाड्या चालवू देणारे आयोजक असू शकतात. मात्र जमिनीचा गट क्रमांक आणि मालकाची संमती पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. भाड्याने स्वतः चालवायला दिल्या जाणाऱ्या मोटारसायकलीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढरी पाटी असेल तर ती खाजगी गाडी आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. बहुतेक क्वाडना रस्त्यावर चालवण्यासाठीची नोंदणी मिळत नाही, म्हणून त्या बंदिस्त खाजगी जागेतच चालवायच्या असतात, आणि आयोजक क्वाड गावरस्त्याने नेतो म्हणाला तर तेथेच थांबावे. क्वाडला चार चाके असली तरी ती आडव्या उतारावर उलटते आणि तिचे अडीचशे-तीनशे किलो वजन चालवणाऱ्याच्या अंगावर येते, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ते प्रमाणपत्र मागावे, आणि त्यावरील नाव व पैसे घेणाऱ्याचे बँकेतील नाव एकच आहे का ते पाहावे. शक्य असेल तर सुट्टीच्या आधी एक दिवस काढून जागा आणि गाड्या स्वतः पाहून याव्यात, ब्रेक दाबून पाहावेत. माझ्या गावापासून ते काही फार लांब नव्हते.

मेहुण्याने सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून आपला वाटा दिला होता. तो परत करण्याचा विषय मी काढला तेव्हा त्याने तो बोलू दिला नाही. पुतण्याच्या गुडघ्यावरची जखम भरायला जवळजवळ महिना लागला. पुण्याला जाण्यापूर्वी त्याने स्वतः पोलीस ठाण्यात येऊन जबाब दिला. गाड्या घेऊन आलेल्या त्या मुलाला पोलिसांनी बोलावले तेव्हा तो जोडीदारासह परतवाड्याहून एसटीने आला, फोनवरचे सर्व संदेश आणि त्या माणसाच्या आवाजाच्या दोन ध्वनिफिती त्याने जमा केल्या, आणि आपले बुडालेले दोन हजार रुपयेही लिहून घ्यावेत अशी विनंती केली. आमच्या तक्रारीत आता सात जणांची नावे आहेत.