लेमन बार: अंड्याचे की कंडेन्स्ड मिल्कचे?

लेमन बार म्हणजे खाली बिस्किटाचा आणि वर लिंबाचा थर असलेल्या गोड वड्या. खालचा बिस्किटाचा थर दोन्हीकडे तोच, मैदा-बटर-पिठीसाखर दाबून बसवायची आणि 180 अंश सेल्सिअसला कडा गुलाबीसर होईपर्यंत भाजायचं, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. खरा प्रश्न वरच्या लिंबाच्या थराचा. आमच्याकडे आई अंडं खात नाही म्हणून मी दोन्ही प्रकार करतो.

कंडेन्स्ड मिल्कचे बार सोपे, यात वादच नाही. डबा उघडा, लिंबाचा रस घालून ढवळा, डोळ्यादेखत मिश्रण दाट व्हायला लागतं, कारण आंबटामुळे दुधातलं प्रोटीन आळतं. अमेरिकेत फ्लोरिडाला ‘की लाइम’ नावाच्या लिंबाचा ‘की लाइम पाय’ हा गोड पदार्थ करतात, त्याचीही हीच युक्ती, आणि ते लाइम म्हणजे आपल्या कागदी लिंबाचीच जात, म्हणजे आपल्या लिंबाला हे शोभतंही. 10-15 मिनिटं ओव्हनमध्ये, मग रात्रभर फ्रीजमध्ये, झालं. अंड्याच्या वासाची भानगड नाही.

पण मला खटकतं ते हे की गोडी आपल्या हातात राहत नाही. डब्यात जवळजवळ निम्मी साखरच असते आणि ती काही काढता येत नाही. आंबट हवं म्हणून रस वाढवावा तर थर सैल पडतो, सुरीला चिकटून येतो, फ्रीजबाहेर थोडा वेळ ठेवला तर कडा बसतात. रस कमी करावा तर लिंबाच्या वासाची बर्फी खाल्ल्यासारखं वाटतं, कारण दुधाचा स्निग्धपणा आंबटपणा दाबून टाकतो. त्यात आपली लिंबं कुठे एकसारखी असतात, पावसाळ्यात रसाने टम्म आणि एप्रिल-मेमध्ये महाग असून पिळून पिळून हात दुखले तरी चमचाभर रस! लिंबू बदलतं, डबा बदलत नाही.

अंड्याच्या प्रकारात हे सगळं सांभाळता येतं. 8 इंची चौकोनी टिनला 3 अंडी, 120 मिली रस, 2 मोठे चमचे मैदा. साखर बरेच जण 200 ग्रॅम घालतात, मी 160 वर थांबतो आणि चाखून ठरवतो (अंडी घालायच्या आधी, फक्त रस-साखर). भाजल्यावर वर जो पातळ, कुरकुरीत पापुद्रा येतो, आणि त्याखाली एकदम जिभेला झिणझिण्या आणणारं लिंबू, ते दुसऱ्यात मिळत नाही.

अंड्याच्या वासाचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा जास्त भाजल्याने येतो असा माझा अनुभव. सालीचा फक्त हिरवा-पिवळा भाग किसून साखरेत बोटांनी चोळायचा, पांढरा भाग आला की कडू झालंच. मिश्रण गाळून गरम बेसवर ओतायचं, 160 ला ठेवायचं आणि मध्यभाग किंचित थरथरत असतानाच बाहेर काढायचं. ॲल्युमिनियमचा टिन असेल तर बटर पेपर लावाच, नाहीतर आंबटाला धातूची चव लागते.

घरात कोणी अंडं खात नसेल किंवा ओव्हनचा अंदाज अजून आला नसेल तर कंडेन्स्ड मिल्कवाले करा, वाईट लागत नाहीत, आईला तर तेच आवडतात. पण ज्यांना आंबट आवडतं त्यांनी निदान एकदा अंड्याचे करून बघावेत असं मला वाटतं. पिठीसाखर मात्र दोन्हीवर वाढायच्या वेळीच भुरभुरवा, मुंबईच्या दमट हवेत ती लगेच विरघळते.