साथीतली चवथ: सगळ्यांनी मूळ घरी जावे की दोघांनीच?

२०२० च्या ऑगस्टमध्ये, कोविडच्या साथीत चवथ म्हणजे गणेशचतुर्थी आली तेव्हा, वडिलोपार्जित घरच्या गणपतीला कोणी जावे यावर गोव्यातल्या घराघरांत हा वाद झाला, आणि पुढची साथ आली की पुन्हा होईल.

दोघांनीच जाऊन पूजा उरकली तर धोका नगण्य. पण वर्षभर एकट्या राहणाऱ्या काकीला माणसे भेटतात ती चवथीलाच, आणि माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, दोघांच्याने बांधून होत नाही. सगळे गेले तर घर भरते. मात्र धोका पत्करणारा एक आणि भोगणारा दुसरा, असे होते. तिशीतला पुतण्या तीन दिवस तापून उठतो, डायलिसिसवरच्या आजोबांचे तसे नसते. साठीपुढचे, मधुमेही, किडनीचे रुग्ण घरात असतील तर शब्द त्यांचा. त्यांना न विचारता त्यांच्या नावाने बंदी घालणेही बरे नव्हे.

आमचा कौल मधल्या वाटेला आहे, कारण दोन दिवसांतला धोका सगळीकडे सारखा नसतो. कोविडसारखा आजार हवेतून पसरतो. पावसाची झड येते म्हणून खिडक्या लावलेल्या, देवाच्या खोलीत वीस माणसे, घुमट-शामेळ या वाद्यांच्या नादात अर्धा तास घसा ताणून आरती: खरी जोखीम इथे आहे. छताचा पंखा तीच हवा फिरवत राहतो. समोरासमोरची दारे उघडावीत, एका खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावावा. आत चौघेच, बाकीच्यांनी राजांगणातून (घरामधल्या उघड्या चौकातून) किंवा पडवीतून आरती म्हणावी. पंगतीत मास्क उतरणारच, तेव्हा पंगती लहान करून पडवीत वाढाव्यात. रात्री एका खोलीत दहा गाद्या मात्र नकोत. फोंड्याहून मडगाव तासाभराचे, झोपायला आपल्या घरी जावे. नेवऱ्यांचे डबे सॅनिटायझरने पुसत बसू नये, त्यातून फारसे काही साधत नाही.

मास्क घालायचा तर एन-९५, डोक्यामागून दोन पट्टे जाणारा. दाढी असली की कडेने हवा शिरतेच, आणि पावसात भिजलेला मास्क बदलावा. रॅपिड अँटिजेन चाचणी निघण्याच्या दोन दिवस आधी आणि निघायच्या सकाळी, अशी दोनदा करावी. आपल्याकडच्या दमट हवेत पट्टीचे पाकीट आधीच फोडून ठेवले तर ती बिघडते. निकाल किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचावा. नंतर उमटलेली रेघ धरू नये. ताप असेल तर चाचणी निगेटिव्ह आली तरी घरीच थांबावे.

हा हिशेब इस्पितळातल्या खाटांवरही ठरतो. मे २०२१ मध्ये बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) प्राणवायूचा तुटवडा होता. तशा दिवसांत एरवी परवडणारा धोकाही परवडत नाही, तेव्हा दोघांनीच जावे.

परतल्यावर पाच-सहा दिवस वडीलधाऱ्यांपासून अंतर ठेवावे. रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला लावताना नेलपॉलिश काढावे, गार बोट चोळून घ्यावे. पुन्हा मोजूनही आकडा ९४ च्या खाली राहिला तर डॉक्टर गाठावा. ९० च्या खाली गेला किंवा बोलताना धाप लागली तर थेट १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.