मानसिक आजारी व्यक्तीशी बोलायला शिकताना : शुभंकरांनी कोणते प्रशिक्षण निवडावे?

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्यांची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांसाठी, म्हणजेच शुभंकरांसाठी, संवादाची जी प्रशिक्षणे आहेत, ती वरवर सारखी दिसली तरी प्रत्येकाने हाती घेतलेला प्रश्न वेगळा आहे. म्हणून निवड करण्याआधी आपल्या घरात बोलणे नेमके कुठे अडते, हे पाहावे.

रुग्णाला आपण आजारी आहोत हेच मान्य नसेल, तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ झेवियर अमाडोर यांची ‘लीप’ पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. अमाडोर यांच्या भावालाच स्किझोफ्रेनिया होता. ऐकणे, भावना समजून घेणे, सहमतीचे मुद्दे शोधणे आणि मग मिळून काम करणे, असे तिचे चार टप्पे आहेत. ‘शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात,’ असे मुलगा म्हणाला, की आपण ‘काहीतरीच काय बोलतोस!’ म्हणून मोकळे होतो. येथे मात्र ‘ते पाळत ठेवतात असं तुला वाटतंय, आणि म्हणून रात्रभर झोप लागत नाही, बरोबर ना?’ एवढेच म्हणायचे असते. भ्रमाला दुजोरा द्यायचा नाही आणि तो खोडायचाही नाही. त्याने आपले मत विचारले, तर ते शक्य तितके लांबणीवर टाकायचे. सांगावेच लागले तर आधी माफी मागून, ‘माझं चुकतही असेल’ असे म्हणत सांगायचे. झोप हवी यावर दोघांचे एकमत असते आणि औषधाचा विषय तिथूनच निघू शकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना मुलाची माफी मागणे जड जाते, आणि महिनोन्‌महिने धीर धरणे त्याहून जड.

आजार मान्य आहे, गोळ्याही चालू आहेत, पण रोज खटके उडतात, अशा घराला कुटुंबकेंद्री उपचारपद्धती अधिक मानवेल. डेव्हिड मिक्लोविट्झ आणि मायकेल गोल्डस्टीन यांनी ती बायपोलर आजारासाठी विकसित केली. मूळ आराखड्यात नऊ महिन्यांत 21 सत्रे असतात आणि रुग्णही सोबत बसतो. सततची टीका, राग आणि अतिकाळजी यांमुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते, या लंडनमधील संशोधनाचा तिला आधार आहे. (पुढे चंदीगडमध्ये असाच अभ्यास झाला, तेव्हा तेथील कुटुंबांत टीका लंडनपेक्षा कमी आढळली.) ‘तू कधीच वेळेवर उठत नाहीस’ याऐवजी ‘काल तू बारापर्यंत झोपलास, तेव्हा मला काळजी वाटली, उद्या नऊला हाक मारू का?’ असे म्हणण्याचा सराव सत्रातच करून घेतला जातो. मात्र वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, शिवाय ही पद्धत शिकलेला थेरपिस्ट जवळपास मिळेलच असे नाही.

तिसरा पर्याय म्हणजे नातेवाइकांनीच नातेवाइकांना शिकवणे. अमेरिकेत ‘नामी’ या संस्थेचा आठ सत्रांचा मोफत वर्ग असतो. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा शुभंकरांसाठी आधारगट आहे. आधारगटात संवादकौशल्यांचा पद्धतशीर सराव कमी होतो, पण निदान नुकतेच झाले असेल आणि कुणाशी बोलायचीही चोरी असेल, तर सुरुवात येथूनच करावी, असे माझे मत आहे.

आत्महत्येची भाषा किंवा मारहाण सुरू झाली असेल, तर यांपैकी कशाचीही वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. फोनवरून सल्ल्यासाठी ‘टेली मानस’चा 14416 हा क्रमांक आहे.