पोर्टेबल रेडिओ, कोकणात काही महिने: सेट चांगला, पण सेल काढले की अमेरिकेत जातो

कालच पुन्हा सेल बदलले आणि पुन्हा तेच झालं, म्हणून शेवटी लिहायला बसलो. मीडियम वेव्हची स्टेप, म्हणजे स्टेशन शोधताना आकडा एका वेळी जितका सरकतो ती, आपोआप 9 वरून 10 वर गेली, साठवलेली सगळी स्टेशनं पुसली. सेट कोणता ते सांगत नाही, कंपनीशी भांडण अजून चालू आहे. खिशात मावणारा, डीएसपीवाला (म्हणजे आत चिप आकडेमोड करून स्टेशन लावते तो), दोन पेन्सिल सेलचा, एवढं पुरे.

ज्यांना हा त्रास क्षुल्लक वाटतो त्यांच्यासाठी. आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं 9 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत 10 च्या. आकाशवाणीचं रत्नागिरी 1143 वर, मुंबईची अस्मिता वाहिनी 558 वर, पणजी 1287 वर. स्टेप 10 वर गेली की आकडा 1140 वर थांबतो नाहीतर थेट 1150 वर उडी मारतो. 1140 वर रत्नागिरी लागतं, पण निवेदक तोंडावर उशी धरून बोलल्यासारखा. नवीन माणूस म्हणणार, सेटच भिकार. मग एक बटण दाबून धरायचं, 9 करायचं, सगळी स्टेशनं परत भरायची.

पैसे वाचवायला मी चार्जिंगचे सेल घेतले, म्हणजे ते सारखे काढावे लागतात, म्हणजे हा प्रकार सारखा. यूएसबी केबल जोडून ठेवून सेल बदलले तर सगळं टिकतं हे उशिरा कळलं. पण त्यासाठी पॉवर बँक बाळगायची, आणि पॉवर बँक जोडली की तिचीच घरघर ऐकायची!

आता मुख्य मुद्दा, प्रवासात रेडिओ कुठे लागतो. पंपाच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी घेत दापोली ते मालवण फिरणं हा माझा धंदा, त्यामुळे बऱ्याच लॉजमध्ये हा सेट वाजवून झालाय. लॉजची खोली सगळ्यात वाईट. एलईडी ट्यूब, इन्व्हर्टर, पंख्याचा रेग्युलेटर, उशाशी मोबाईलचा चार्जर, यांतलं प्रत्येक जण मीडियम वेव्हवर आपापली खरखर ओततं. गुहागरला एकदा रात्री लाईट गेली आणि गोंगाट एकदम थांबून मुंबई स्पष्ट लागली. लाईट आल्यावर परत तेच.

एफएमचं गणित उलट. त्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे खाडीकाठच्या, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत नुसती फसफस. तिथूनच घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट माळावर या, कातळावर उभे राहा, एरियल पूर्ण ओढा, स्टेशन हजर. एसटीत काही अपेक्षा ठेवू नका, पत्र्याचा डबा आहे तो. कोकण रेल्वेत खिडकीला धरला तरच काही, आणि करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरलात की विषय संपला.

मीडियम वेव्हबद्दलचं माझं मत लॉजवर बनलेलं, ते दाभोळ-धोपावे फेरीवर बदललं. खाऱ्या पाण्यावरून मीडियम वेव्ह जमिनीपेक्षा कितीतरी लांब जाते, कोरड्या जांभ्याच्या कातळावर तिचा दम लवकर सुटतो. धक्क्यावर, तारांपासून लांब, भर दुपारी रत्नागिरी खणखणीत लागलं. बोटीवर चढून सेट रेलिंगला टेकवला तर आवाज बसला. खलाशी गाडी लावता लावता म्हणाला, "भाऊ, लोखंडाला नका टेकवू. त्या लाकडी पेटीवर ठेवा, आमचा तिथंच असतो." ठेवला. वाजला.

दुसरी गोष्ट, सेट फिरवायचा. मीडियम वेव्हचा एरियल बाहेरची कांडी नव्हे, तो आत आडवा बसवलेला फेराइटचा दांडा. दांड्याच्या टोकाकडून येणारं स्टेशन मरतं, अंगावर येणारं वाजतं. आपला किनारा दक्षिणोत्तर, गुहागरहून मुंबई उत्तरेला आणि रत्नागिरी दक्षिणेला. म्हणून गुहागर-वेळणेश्वरच्या बाजूला सेटचं एक टोक समुद्राकडे आणि दुसरं सह्याद्रीकडे केलं की मुंबई आणि रत्नागिरी दोन्ही मिळतात. शिवाय मे महिन्याच्या संध्याकाळी घाटावर विजा चमकतात त्यांची कडकड पूर्वेकडून येते, ती आपोआप कमी होते. याबद्दल सेटला पैकीच्या पैकी. एवढ्याशा दांड्यात हे जमतं म्हणजे आतलं काम चांगलं आहे.

रात्री मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं घुसतात, त्यांच्यात कोण काय बोलतंय ते कळत नाही. म्हणून हवामानाची सूचना ऐकायची तर दिवसाउजेडी. उन्हाळ्यातल्या शांत रात्री हर्णैच्या किनाऱ्यावर मुंबईचं एफएम 107.1 सुद्धा मिळालं, समुद्रावर गरम-थंड हवेचे थर बसले की असं होतं. रोज होत नाही, त्यावर विसंबू नका.

कस्टमर केअरला स्टेपचं सांगितलं तर ताई म्हणाल्या, "सर, मीडियम वेव्ह आता कोणी ऐकत नाही, तुम्ही ॲप डाउनलोड करा." 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडे वीज आणि मोबाईल दोन्ही कित्येक दिवस गायब होते. ॲप कशावर चालवायचं? हे विचारलं तर फोन होल्डवर. मग सेट कुरियरने पाठवा म्हणाले, खर्च माझा, आणि तपासून "दोष आढळला नाही" असा शेरा मारून परत. अर्थात आढळणार नाही, त्यांनी सेल काढूनच बघितले नसतील.

कोणी विचारलं घेऊ का, तर म्हणेन घ्या, पण पाठीमागे 9/10 चं सरकवायचं खरं बटण असलेला मिळाला तर तो आधी घ्या, शे-दोनशे जास्त पडले तरी. माझी तक्रार पोर्टलवर दोनदा "ग्राहकाचे समाधान झाले" म्हणून बंद झाली आहे. मी ती तिसऱ्यांदा उघडली आहे.